मदत हवी आहे : पोर्शे ९१७च्या मॉडेलला उन्हाळ्यात रंग कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पोर्शे ९१७ केचं १/२४ मापाचं प्लास्टिक किट जोडतोय. १९७०च्या, फ्रान्समधल्या ल मांसच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीत हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी जिंकलेली लाल-पांढरी २३ नंबरची गाडी. पोर्शेचं तिथलं ते पहिलं अजिंक्यपद, म्हणून ही गाडी मनासारखीच व्हायला हवी.

बारा सिलिंडरचं इंजिन, चाकं, आतली बैठक सगळं झालं. अडलंय बॉडीच्या रंगावर. इकडे पारा ४४च्या वर. कूलर बंद ठेवला तर एअरब्रशमधला रंग बॉडीवर पोचेपर्यंतच वाळतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. कूलर लावला तर खोलीत इतकी ओल येते की लॅकरवर पांढुरकी झाक चढते. पहाटे पाचला फवारायचं म्हणतोय. तेवढ्याने भागेल, की रंगात रिटार्डरही (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) घालावा लागेल? घातला तर किती?

दुसरं, इथे फर्निचर पॉलिशवाल्यांकडचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरच मिळतो. प्रायमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) तो पातळ थरात चालतो, की खालचं प्लास्टिक खातो? कोणी खरंच वापरला असेल तर सांगा, अंदाज नको.

आणि पट्टे? लालवर पांढरा नीट झाकत नाही, म्हणून आधी पांढरा, मग टेप लावून लाल, असं माझ्या मनात आहे. पण या उष्णतेत टेपचा गोंद रंगावर राहतो का? किती तासांत टेप काढता तुम्ही?

विदर्भ-मराठवाड्याकडचे कोणी असाल तर आवर्जून लिहा.