मदत हवी आहे: एक्स-प्लेनमध्ये झूम केल्यावर हेड ट्रॅकिंगची थरथर कशी थांबवावी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात राहतो आणि एक्स-प्लेन १२ या विमानउड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये सेस्ना १७२ हे छोटे विमान घेऊन आपल्या उजळाईवाडीच्या धावपट्टीभोवती सर्किटचा, म्हणजे उडून फेरी मारून परत उतरण्याचा, सराव करतो. त्यासाठी ओपनट्रॅक बसवले आहे; डोके वळवले की पडद्यावरचे दृश्य वळवणारा (हेड ट्रॅकिंगचा) हा प्रोग्राम आहे. चेहरा ओळखणारा न्यूरलनेट ट्रॅकर, लॅपटॉपचाच वेबकॅम आणि सिम्युलेटरला माहिती पोहोचवणाऱ्या आउटपुटला फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड अशी जुळणी आहे, आणि नजर फिरवण्यापुरती ती समाधानकारक चालते.

धावपट्टी ०७ चे (उड्डाण पूर्वेकडे) डावे सर्किट घेताना डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, विमान पश्चिमेकडे जाते आणि धावपट्टी डाव्या हाताला राहते. तिचे टोक डाव्या खांद्यामागे साधारण ४५ अंशांवर गेले की बेसला, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, वळायचे, म्हणजे नजर विमानाच्या नाकापासून १३५ अंश मागे न्यावी लागते. डोळे पडद्यावर ठेवून मान जेमतेम ३० अंश वळते, म्हणून यॉचा (डावी-उजवीकडे वळण्याचा) वक्र, म्हणजे मान किती वळली की दृश्य किती फिरावे हे ठरवणारी रेषा, मध्याजवळ सपाट आणि पुढे चढता ठेवला आहे. हे जमले त्या दिवशी धावपट्टीचे टोक मागच्या खिडकीकडे सरकताना स्वतः पाहून वळलो, आणि आजवर अंदाजाने घेतलेली सगळी वळणे किती लवकर होती ते कळले.

अडचण झूमची आहे. पुढे झुकले की झूम व्हावे अशी माझी अपेक्षा होती, पण झेड अक्षामुळे (डोक्याची पुढे-मागे हालचाल) पाहणाऱ्याची जागाच पुढे सरकते आणि नजर पॅनेलच्या आत शिरते. त्यामुळे तो अक्ष बंद करून झूम जॉयस्टिकच्या दोन बटणांवर दिले. आता अल्टिमीटरच्या (उंचीमापकाच्या) खिडकीतला दाबाचा आकडा वाचायला गेलो की तो अक्षरशः थरथरतो, ३ आणि ८ यांतला फरकही कळत नाही. दृश्याचा कोन ६० अंशांवरून २० अंशांवर आणला की पडद्यावरची प्रत्येक हालचाल तिपटीहून थोडी अधिक दिसते, हे कारण मला समजते. शिवाय पॅनेल खाली असल्याने पिचचा (वर-खाली पाहण्याचा) वक्र तिथे सपाट नसतो, चढाला लागलेला असतो.

ओपनट्रॅकच्या अॅक्सेला फिल्टरमध्ये स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणे) वाढवले तर थरथर थांबते, मात्र डाउनविंडला मान वळवल्यावर दृश्य मागून रेंगाळत येते. डेडझोन (दुर्लक्षित राहणारी बारीक हालचाल) वाढवला तर नजर हिसक्याने उडते. संध्याकाळी ट्यूबलाइट पाठीमागे असते आणि अंधारात वेबकॅमच्या फ्रेम्स कमी होतात, म्हणून लॅपटॉपमागे टेबललॅम्प ठेवून प्रकाश चेहऱ्यावर घेतला. त्याने फरक पडला, पण पुरेसा नाही.

झूमचे बटण दाबलेले असेतोवर ट्रॅकिंग आपोआप गोठवण्याची सोय कोणी एकाच बटणावर बसवली आहे का? मी ती ओपनट्रॅकच्या टॉगल शॉर्टकटने करू पाहतो, पण बटण सोडताच दृश्य झटक्याने मूळ जागी येते आणि वळणात असताना ते फार त्रासदायक ठरते. की झूम थ्रॉटलच्या शेजारच्या स्लायडरवर घेऊन कोन ३५ अंशांच्या खाली जाऊच न देणे बरे?

दुसरे असे की, डोक्याला लावायची तीन इन्फ्रारेड एलईडीची क्लिप आणि तिचे बिंदू टिपायला जुना पीएस३ आय कॅमेरा (प्लेस्टेशन ३ चा) घेण्याचा विचार आहे. मला चष्मा आहे आणि काचांवरून परावर्तित होणारा प्रकाश ट्रॅकरला चौथा बिंदू वाटेल अशी भीती वाटते. चष्मा लावून ही क्लिप वापरणाऱ्यांनी कॅमेरा पडद्याच्या वर कोणत्या कोनात ठेवला आहे आणि थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपका बिंदू मानायचा ती मर्यादा) किती घेतला आहे, हे कृपया सांगावे. पिचच्या वक्राचे आपले बिंदूही लिहिलेत तर उद्याच लावून पाहीन आणि काय झाले ते इथे कळवीन.