शब्दचर्चा : ‘ड्रेड’ म्हणजे नुसतं घाबरणं का?

दर्यापूर तालुक्यातून, प्रश्न

नववीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. धड्यात ‘ड्रेड’ हे क्रियापद आलं. गाइडात अर्थ एका शब्दात उरकलाय : घाबरणे. वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर एका पोरीनं लिहिलं, ‘आय ड्रेडेड व्हेन द स्नेक केम.’ कुटार काढायला गोठ्यात गेली होती, हाताजवळून साप गेला. घडलेली गोष्ट. मी खाली लाल रेघ मारली, तर म्हणते, “सर, मंग मी भेली नव्हती काय?”

वाक्य चुकलंय हे मला कळतं. का चुकलं हे तिला पटेल असं सांगता आलं नाही. शिवाय अर्ध्या वर्गानं स्पेलिंगमधला ए खाल्ला, आणि ज्यांनी लिहिला ते ‘ड्रीड’ वाचून रायले. जाणकारांनी सांगावं.

वरूडहून

स्पेलिंगचं आधी उरकतो. डी, आर, ई, ए, डी. पोरांना ‘ब्रेड’ लिहिता येतो ना? त्यातला बी काढा, डी ठेवा, झालं काम. हेड, डेड, थ्रेड, स्प्रेड ही सगळी त्याच घरची मंडळी. या शब्दांतल्या ‘ईए’चा उच्चार एके काळी लांब होता. पुढे जिभेनं तो आखूड केला, लिहिणं मात्र जुनंच राहिलं. हसू नका, आपणही ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो.

घोळ होतो तो ‘रीड’मुळे. तिथं तीच अक्षरं वर्तमानकाळी ‘रीड’ आणि भूतकाळी ‘रेड’ होतात. ड्रेडला ती भानगड नाही. कायम ड्रेड, भूतकाळी ड्रेडेड.

दारव्ह्याहून

मास्तर, तुमच्या पोरीचा प्रश्न लाखाचा आहे. ती भेलीच होती. पण इंग्रजीत त्या भेण्याला ‘ड्रेड’ म्हणत नाहीत.

साप हाताजवळून गेला तेव्हा ती दचकली, भेदरली. जे समोर आलं त्याला अंग लगेच उत्तर देतं. तिथं ‘आय वॉज स्केअर्ड’ हेच बरोबर. ड्रेड हे समोर काही नसतानाचं भेव आहे. गोष्ट अजून यायची असते, कधी कधी येईल की नाही तेही ठाऊक नसतं, आणि माणूस आधीपासूनच आत आवळत जातो. मराठीत याला चांगला शब्द आहे : धास्ती. गाइडवाल्यानं ‘धास्ती वाटणे’ लिहिलं असतं तर निम्मा घोटाळा वाचला असता.

इथं धसका आणि धास्ती यांतला फरकही पोरांना सांगा. आमच्याकडे २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली. ही अळी बोंडाच्या आत बसते. वरून बोंड हिरवंगार, टणक दिसतं. फोडल्याशिवाय काही कळत नाही. त्या वर्षी लोकांनी जो घेतला तो धसका. तो झालेल्या गोष्टीचा असतो, मागून येतो. पण तेव्हापासून फुलं लागली की शेतकरी सकाळी वावरात जातो, डोमकळी (अळीमुळं न उमललेलं, आवळलेलं फूल) दिसते का बघतो, मादीच्या वासानं पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात किती पतंग पडले ते मोजतो, आणि चार बोंडं तोडून हातात घेतो. फोडायच्या आधी जो एक क्षण जातो ना, तो ड्रेड. बोंड फोडलं, अळी निघाली, की ड्रेड संपला. मग राग येतो, रडू येतं, हिशेब सुरू होतो. ते सगळे वेगळे शब्द.

पांढरकवडा-राळेगाव भागातल्या ‘अवनी’ या नरभक्षक म्हटल्या गेलेल्या वाघिणीचंही तसंच. २०१८च्या नोव्हेंबरात तिला गोळी घातली तोवर तिच्यावरून गावोगाव बोलणं चालू होतं. तिला डोळ्यांनी पाहिलेले थोडेच. पण वेचणीला एकटं जायची, रात्री वावर राखायला जागलीला एकटं बसायची धास्ती न पाहिलेल्यांनाही होती. पाहिलेला माणूस घाबरला म्हणता येईल. न पाहिलेला तर फक्त ड्रेडच करू शकतो!

व्याकरणाचं एकच बघा. या क्रियापदाला कर्म लागतं. कशाची धास्ती, ते सांगावंच लागतं. ‘आय ड्रेडेड’ एवढ्यावर थांबलं तर ऐकणारा “काय?” म्हणून थांबतो. आणि ते कर्म थेट जोडायचं. आपण ‘सापाची’ म्हणतो म्हणून पोरं मधे ‘ऑफ’ घालतात. ते नाम असेल तर चालतं, ‘अ ड्रेड ऑफ स्नेक्स’. क्रियापद असेल तर नुसतं ‘आय ड्रेड स्नेक्स’. पुढे दुसरं क्रियापद आलं तर त्याला बहुतेक वेळा ‘आयएनजी’ लावा : ‘आय ड्रेड गोइंग’. ‘आय ड्रेड टू थिंक’ हा ठरलेला वाक्प्रचार तेवढा वेगळा. विचारही करवत नाही, असा त्याचा भाव.

दर्यापूर तालुक्यातून

म्हणजे मराठीत भीती मला ‘वाटते’, वराडीत मले भेव ‘लागते’, आणि इंग्रजीत मी ती ‘करतो’. पोरं इथंच अडखळत असावीत. बरं, ‘आय ॲम ड्रेडिंग’ चालतं का? फिअरसारख्या क्रियापदांना आयएनजी सहसा लावू नये असं आम्ही शिकवतो.

दारव्ह्याहून

चालतं, आणि बोलण्यात सर्रास चालतं. ‘आय ॲम ड्रेडिंग द एक्झाम.’ पोरांना वराडीतच सांगा : “परीक्षेची धास्ती घेऊन रायलो.” आपलं ‘रायलो’ इथं बेक्कार कामी येतं.

अचलपूरहून

धास्ती ठीक, पण आमच्या घरचा ‘घोर’ का विसरता? पोरगं रात्रीपर्यंत आलं नाही की माय दारात बसते, तिच्या जिवाला घोर लागतो. हाही पुढच्याचाच ना?

आणि एक पुस्ती. ‘ड्रेडफुल’चा अर्थ मुळात धास्ती वाटावी असा. वापरून वापरून तो नुसता ‘फार वाईट’ झाला. ‘ड्रेडफुली सॉरी’ म्हणणारा इंग्रज कशालाच भ्यालेला नसतो. आपल्या ‘भयंकर’चं तेच झालं. भयंकर गोड संत्रं आपण मिटक्या मारत खातो. राजाला जुन्या इंग्रजीत ‘ड्रेड सॉव्हरिन’ म्हणत. तिथं धास्ती बसत नाही, धाक किंवा दरारा म्हणावं लागेल. आणि १९०६ साली इंग्रजांनी पाण्यात सोडलेली युद्धनौका होती ‘ड्रेडनॉट’. पोरं त्यातला ‘नॉट’ नकाराचा समजतील. तो ‘काहीच नाही’ या अर्थाचा आहे : कशालाही न भिणारी.

दारव्ह्याहून

घोर मला थोडा वेगळा वाटतो, भाऊ. घोरात माया असते. तो आपल्या माणसासाठी लागतो. ड्रेडला मायेची गरज नाही. वसुलीवाल्याचा फोन, दाताचा डॉक्टर, मे महिन्यातल्या लग्नात भर दुपारी पंगत वाढायचं काम, यांचीही इंग्रज ड्रेड करतो. वसुलीवाल्याचा घोर कोणी लावून घेत नाही.

‘भयंकर’चं पटलं. उद्या घरी सांगतो.

दर्यापूर तालुक्यातून

आज वर्गात बोंडाचा दाखला दिला. सगळ्यांच्या घरी पऱ्हाटी, समजवायला दोन मिनिटं लागली नाहीत. मग त्या पोरीला म्हटलं, साप त्या दिवशी गेला, आता लिही. तिनं लिहिलं : ‘सिन्स दॅट डे आय ड्रेड गोइंग टू द गोठा.’ गोठ्याचा इंग्रजी शब्द तिला आठवला नव्हता. मी तो तसाच ठेवला आणि पूर्ण गुण दिले.