‘समतोल’ म्हणायचं, पण सम काय असतं?

प्रश्न: रसायनशास्त्राच्या एका प्रकरणाचा मराठी मसुदा तपासते आहे. ‘इक्विलिब्रियम’साठी त्यात कुठे ‘समतोल’, कुठे ‘संतुलन’, तर कुठे ‘साम्यावस्था’ आहे. कोणता शब्द ठेवू? एक वाक्य असं आहे: ‘समतोल झाल्यावर अभिक्रिया थांबते.’

प्रतिसाद: ‘साम्यावस्था’ आधी काढा. हिंदीत ‘रासायनिक साम्य’ रुळलं आहे, पण मराठीत साम्य म्हणजे सारखेपणा. दोन भावांच्या चेहऱ्यात असतं ते. ‘संतुलन’ अर्थाने चुकीचं नाही, अडचण वेगळी आहे. समीकरण ‘संतुलित’ करणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या अणूंची संख्या जुळवणं, हे आपल्याकडे शाळेपासून पक्कं आहे. एकाच पानावर दोन्ही आले की विद्यार्थी गोंधळणारच. माझं मत ‘समतोल’ला.

ते वाक्य मात्र शब्दनिवडीपेक्षा जास्त घातक आहे! दोष थोडा शब्दाचाही आहे. तोल म्हटलं की तराजू आला. मूळ लॅटिन शब्दातही ‘लिब्रा’ म्हणजे तराजूच. पारडी सारखी झाली, काटा थांबला, हे चित्र डोळ्यांपुढे येतं आणि रसायनात दोन्ही बाबतींत फसवतं.

प्रश्नकर्ती: मग ‘सम’ काय असतं?

प्रतिसाद: वेग. हायड्रोजन आणि आयोडीन प्रत्येकी १ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचं एकक) घेऊन बंद भांड्यात ४३० अंश सेल्सिअसला ठेवा. हायड्रोजन आयोडाइड बनू लागतं, आणि बनलेलं मोडूही लागतं. सुरुवातीला बनण्याचा वेग जास्त. मूळ पदार्थ कमी होतात तसा तो घटतो, मोडण्याचा वाढतो. दोन्ही वेग जुळले की समतोल. त्या तापमानाला समतोल स्थिरांक, म्हणजे समतोल असताना बनलेल्या आणि मूळ पदार्थांच्या प्रमाणांतून निघणारं ठरावीक गुणोत्तर, साधारण ५४ आहे. हिशेब केला तर हायड्रोजन आणि आयोडीन प्रत्येकी सुमारे ०.२१ मोल उरतात, आयोडाइड १.५७ मोल. पारडी कुठे सारखी आहेत? उलट बाजूने, नुसत्या २ मोल आयोडाइडपासून निघालात तरी याच आकड्यांवर येता. (मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.)

म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘गतिक समतोल’ लिहा. ‘गतिज’ नको, ते ऊर्जेला राहू द्या.

दुसरा प्रतिसाद: क्रियापदांकडेही बघा. व्यवहारात समतोल ‘बिघडतो’, पण इथे बिघडण्यासारखं काही नसतं. ‘सरकतो’ बरं. नायट्रोजन डायऑक्साइड भरलेली बंद नळी गरम पाण्यात धरली की तपकिरी रंग गडद होतो, बर्फात फिकटतो, कारण रेणू जोडीजोडीने मिळून रंगहीन टेट्रॉक्साइड बनतो. समतोल एका बाजूला सरकला, एवढंच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेलं तत्त्व अशाच सरकण्याची दिशा सांगतं. आणि उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) समतोल ‘सरकवतो’ असं मसुद्यात असेल तर खोडा. तो फक्त लवकर आणतो.

प्रश्नकर्ती: होतं तसं, खोडलं! वाक्य आता असं केलंय: ‘समतोल आल्यावरही दोन्ही अभिक्रिया चालूच राहतात, त्यांचे वेग सारखे असल्याने पदार्थांची प्रमाणं बदलत नाहीत.’

पहिला प्रतिसादक: छान. सुरुवातीला ‘बंद भांड्यात, तापमान स्थिर असताना’ एवढं जोडा. झाकण उघडं राहिलं तर वायू निघून जाईल आणि वाक्य पुन्हा खोटं ठरेल.