मदत हवी आहे: शाळेत नवं सोलर येतंय, पण कोपऱ्यात पडलेल्या जुन्या डिजिटल सामानाचं काय करू?

माणदेशी_बाई

नमस्कार मंडळी. माणदेशातल्या एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी, पट ३४. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. बदलीने इथे येऊन दीड वर्ष झालं. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

आमच्या दोन खोल्या, एक कौलारू आणि एक स्लॅबची. कौलारू खोलीत लोखंडी कपाटाच्या शेजारी बाजेएवढी जागा अडवून काही सामान पडलंय. दिवा गेलेला प्रोजेक्टर, उंदरांनी कुरतडलेला त्याचा पडदा, पाच टॅब (त्यातले तीन चालूच होत नाहीत, एकाची पाठ फुगलीय), दोन संगणक, त्यातल्या एकाचा मॉनिटर जुन्या टीव्हीसारखा पोट सुटलेला, आणि इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या. बॅटऱ्यांच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसतं.

हे सगळं २०१६-१७ च्या सुमाराचं. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि पाठोपाठ डिजिटल शाळांची लाट आली, आठवत असेल. तेव्हाचे आमचे गुरुजी शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची गाजलेली डिजिटल शाळा बघून आले आणि त्यांनी लोकवर्गणी काढली. वस्ती मेंढपाळांची. एका आजोबांनी दोन मेंढरं विकून पैसे दिले होते. ते आजही शाळेवरून जाताना विचारतात, “बाई, आमचा पिच्चर चालू हाय न्हवं?” मी काय सांगणार?

दोन-तीन वर्षं ते सगळं छान चाललं असं म्हणतात. मग बॅटऱ्या बसल्या, लॉकडाऊनमध्ये शाळाच बंद, आणि उघडली तेव्हा निम्मं सामान मेलेलं. मी चार्ज घेतला तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरवर (शाळेच्या वस्तूंची नोंदवही) सही करून हे सगळं माझ्या अंगावर आलं. चालू किती आणि बंद किती, हे त्यात कुणी बघत नाही. नग भरले की झालं.

आता मुद्दा. पुण्याची एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांचा समाजकार्याचा निधी) शाळेला ३ किलोवॅटचं सोलर आणि ६५ इंची टच पॅनेल द्यायला तयार आहे. फलक लावायचा, २६ जानेवारीला उद्घाटन करायचं, आणि पुढच्या देखभालीची जबाबदारी शाळेची. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. अध्यक्ष खूश. पण तिसरीतल्या एका मुलाची आई उठून म्हणाली, “आधीचं इथंच मरून पडलंय, त्याच्या उरावर नवं ठेवायचं का?” सगळे गप्प.

त्याच आठवड्यात चौथीला परिसर अभ्यासात कचरा शिकवत होते. एका पोराने कोपऱ्यातला फुगलेला टॅब उचलून आणला आणि विचारलं, “बाई, ह्यो वल्ला कचरा का सुका?” वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण उत्तर देता आलं नाही. शाळेत राष्ट्रीय हरित सेनेचा फलक आहे, परसबाग आहे, प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत. आणि सगळ्यात घातक कचरा वर्गातच.

तर विचारायचं असं की, देणगी घ्यावी का, घेतली तर कोणत्या अटींवर, आणि हे जुनं सामान रीतसर बाहेर कसं काढायचं? आणखी एक अडचण म्हणजे आमच्याकडे वीज बहुतेक दिवस अकरा ते तीन नसते. बिल थकल्यामुळे एकदा जोडणीही तोडली होती.

वायरमन_नाही_सोलरवाला

बाई, आधी एक गोष्ट बघा. पत्रात ‘ऑन-ग्रिड’ लिहिलंय की ‘हायब्रिड’ (लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारं)? बॅटरीचा उल्लेख आहे का?

माणदेशी_बाई

आत्ताच पत्र काढून बघितलं. ‘३ किलोवॅट ऑन-ग्रिड, नेट मीटरिंगसह’. बॅटरीचा शब्द नाही.

वायरमन_नाही_सोलरवाला

मग थांबा. सांगली भागात बारा वर्षं हेच काम करतोय आणि शाळांवर हा घोळ बऱ्याचदा बघितलाय.

ऑन-ग्रिड सोलर लाइनवर अवलंबून असतं. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, बाहेर कितीही कडक ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला उलट्या करंटचा शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे तुमच्याकडे अकरा ते तीन लाइट नाही, तर नेमक्या भर उन्हात आणि भर शाळेत तुमचं सोलर झोपलेलं असणार. जोडणी तोडली तर तेही बंदच. आणि बिल शून्य होईल असं कुणी सांगितलं असेल तर तेही अर्धवट खरं. नेट मीटरिंगमध्ये सोलरने लाइनला दिलेले युनिट बिलातून वळते होतात, स्थिर आकार भरावाच लागतो.

आता गरज किती ते बघू. साधा ४३ इंची टीव्ही ८० वॅट धरा, दिवसाला तीन तास, म्हणजे पाव युनिट. जुने पंखे ७५ वॅटचे चार, पाच तास, दीड युनिट. दिवे धरून एकूण दोनच्या आत. पंखे बदलून बीएलडीसी लावले (तीस वॅटच्या आसपास खातात) तर सगळी शाळा दिवसाला एका युनिटमध्ये चालते. १ किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट देतं. तुम्हाला ३ किलोवॅट करायचंय काय?

माझं मत: १ किलोवॅट, हायब्रिड इन्व्हर्टर, दोन-अडीच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि चार नवे पंखे. जुन्या ट्युब्युलर बॅटरीत (१२ व्होल्ट, १५० एएच) कागदावर १.८ युनिट असतात, पण निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालायचं कुणी? मे महिन्यात शाळा बंद, पाणी आटतं, जूनमध्ये बॅटरी गेलेली. तुमच्या बॅटऱ्या अशाच गेल्या असणार, पैज लावतो.

माणदेशी_बाई

पैज जिंकलात. आधीचे गुरुजी एप्रिलमध्ये बदलून गेले आणि त्या जूनमध्ये बॅटऱ्या बसल्या असं स्वयंपाकाच्या मावशी सांगतात.

कोथरूडकर

पीएम सूर्यघरमधून का घेत नाही? सबसिडी मिळेल.

वायरमन_नाही_सोलरवाला

ती योजना घरांसाठी आहे हो. शाळेला लागू नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण हे मी अनेक शाळांत निस्तरलं आहे. शब्द लक्षात ठेवा: निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू मंजुरी घेऊन रजिस्टरवरून कमी करणं. डेडस्टॉकवरची वस्तू फेकता येत नाही, भंगारवाल्याला परस्पर विकताही येत नाही. लोकवर्गणीतून घेतलेली असली तरी एकदा रजिस्टरला चढली की ती शाळेची मालमत्ता.

आधी यादी करा: वस्तू, रजिस्टरचा पान क्रमांक, खरेदीचं वर्ष, किंमत, आजची अवस्था, दुरुस्ती का परवडत नाही. प्रत्येक वस्तूचा फोटो जोडा. व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि मुख्याध्यापकांच्या सहीने केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवा. मंजुरी कोणत्या पातळीवर मिळणार ते किमतीवर ठरतं, ते तिथे सांगतील. पोहोच घ्या, पोहोच! नाहीतर तुमची बदली होईल आणि तुमच्यामागून येणाऱ्याच्या अंगावर हेच सगळं येईल. मंजुरी आली की वस्तू बाहेर काढून रजिस्टरला तशी नोंद करायची. पैसे आले तर ते पावतीने शाळेच्या खात्यावर.

एकट्या शाळेचा ई-कचरा तीस-चाळीस किलोच निघतो, त्यासाठी अधिकृत पुनर्वापर करणारा माणदेशात गाडी पाठवणार नाही. आम्ही केंद्रातल्या अकरा शाळांची निर्लेखनं एकाच वेळी लावली आणि सगळं सामान केंद्रशाळेत एका खोलीत आणलं. मग गाडी आली. तुमच्या शिक्षण परिषदेत विषय काढा. प्रत्येक शाळेत असा कोपरा असतो, लाजेने कुणी बोलत नाही.

हरित_खटपट्या

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ चे, लागू १ एप्रिल २०२३ पासून. त्यात घाऊक वापरकर्त्यांवर जास्त बंधनं आहेत, पण घाऊक म्हणजे किमान हजार उपकरणं वापरणारा, तुमची शाळा त्यात बसत नाही. तरी माल अधिकृत ठिकाणीच द्या. यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर असते. बॅटऱ्यांचे नियम वेगळे, तेही २०२२ चेच. त्या बॅटरी विक्रेत्याकडे परत जातात आणि शिशामुळे त्यांना मोलही येतं, म्हणून मंजुरीनंतर सगळ्यात आधी बॅटऱ्या काढा. भंगारवाल्याकडे गेल्या तर तो ॲसिड ओढ्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. पोट सुटलेल्या मॉनिटरच्या काचेतही शिसं असतं, पोरांना दगड मारू देऊ नका.

आणि त्या पोराला सांगा: ओलाही नाही, सुकाही नाही, ई-कचऱ्याचा डबाच वेगळा.

पाटीवाला

एवढं सगळं करून मिळणार काय? आम्ही पाटी-पेन्सिलवर शिकलो, काही बिघडलं नाही. पाटी फुटली तर मातीत जाते.

माणदेशी_बाई

दादा, पाटी आमच्याकडे आजही आहे. पण माझ्या चौथीतल्या चौतीसपैकी, माफ करा, चौथीतल्या नऊपैकी एकानेही समुद्र बघितलेला नाही. मेंढरं घेऊन कोकणच्या घाटापर्यंत जाऊन आलेली दोघं आहेत, खाली उतरलेलं कुणी नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर भरती-ओहोटी दाखवली तर नऊ डोकी एका फोनवर. मोठा पडदा हवाय तो एवढ्यासाठी. टच नसला तरी चालेल.

पेंग्विन_सातारकर

संगणक लगेच निर्लेखनात टाकू नका, आधी बघा. किती जुने? विंडोज १० आहे का?

माणदेशी_बाई

एकावर विंडोज १०, सुरू व्हायला चहा होऊन पिऊन होतो. दुसऱ्यावर (पोटवाला) एक्सपी.

पेंग्विन_सातारकर

एक्सपीवाल्याला नमस्कार करा, तो गेला. विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टचे मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेवढ्यासाठी देशभर चांगले संगणक भंगारात निघालेत. तुमचा दुसरा वाचेल. त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) घाला, रॅम चार जीबी नसेल तर तेवढी करा आणि विंडोजऐवजी हलकं लिनक्स (मोफत मिळणारी प्रणाली) टाका. मराठी युनिकोड टायपिंग, व्हिडिओ, बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, सगळं चालतं. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर आहेत, तेव्हा हे काही माझं खूळ नाही. टीव्हीला एचडीएमआयची किंवा जमेल ती केबल लावली की झाला तुमचा डिजिटल वर्ग. दहिवडी-म्हसवडकडे महिन्यातून एकदा येणं होतं, व्यनि (खाजगी निरोप) करा, बसवून देतो. चहा पाजा फक्त.

वायरमन_नाही_सोलरवाला

कंपनीकडे अटी मागताना घाबरू नका, त्यांनाही खर्च दाखवायचा असतो. पाच वर्षांचा देखभाल करार त्यांच्या पैशाने, लेखी. बॅटरीची वॉरंटी शाळेच्या नावाने. पॅनेल पंचवीस वर्षांचं म्हणतात, पण इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही, तो बदलायचा खर्च कुणाचा ते लिहून घ्या. आणि मेलेली वस्तू परत न्यायची जबाबदारीही त्यांचीच. ही अट कुणी घालत नाही. येताना हार-तुरे, जाताना वाली नाही.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आणि पुसायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. माणदेशात धूळ फार, दर पंधरवड्याला पुसा. दोन बादल्या पुरतात, ते पाणी परसबागेत सोडा. पोरांना स्लॅबवर चढवू नका.

माणदेशी_बाई

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. समितीची पुन्हा बैठक घेतली. कंपनीच्या ताईंशी फोनवर बोलले. ३ किलोवॅटचं १ किलोवॅट म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या, फोटोत पॅनेल कमी दिसतील म्हणाल्या (खरंच म्हणाल्या). पण हायब्रिड, बॅटरी आणि पंखे मान्य झाले. टच पॅनेलऐवजी टीव्ही. देखभाल पाचऐवजी तीन वर्षं. परत न्यायची अट त्यांच्या वकिलाकडे अडकलीय, मी सोडलेली नाही. बिलाची तजवीज समितीने ठरावात घेतली. आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,०००, त्यातून आधी वीजबिल, मग बाकीचं. उद्घाटन २६ जानेवारीला होईलसं वाटत नाही, होऊ दे उशीर.

निर्लेखनाचा प्रस्ताव दिला, पोहोच घेतली. केंद्रातल्या आणखी सहा शाळांनी याद्या करायला घेतल्यात. एका गुरुजींकडे चौदा टॅब निघाले!

आजोबांनाही सांगितलं, तुमचा पिच्चर गेला म्हणून. ते म्हणाले, “मेंढरूबी दहा वर्सं जगत न्हाई बाई.”

आता एकच शंका. मंजुरी यायला वेळ लागणार. तोवर त्या दोन बॅटऱ्या आणि फुगलेला टॅब ठेवू कुठे? वर्गात नको वाटतं.

वायरमन_नाही_सोलरवाला

बॅटऱ्या उभ्याच ठेवा, आडव्या नको. खाली लाकडी फळी, टोकांना जाड चिकटपट्टी, वर काही ठेवायचं नाही. हवेशीर, कुलूपबंद, पोरांच्या हाताबाहेर. ॲसिड सांडलेलं दिसलं तर हातमोजे घालून खायचा सोडा टाका. फुगलेला टॅब चार्जिंगला अजिबात लावू नका, दाबू नका, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत वेगळा ठेवा.

माणदेशी_बाई

कुलूपबंद अशी एकच खोली आहे, पोषण आहाराची. तिथे तांदूळ असतो, म्हणजे ती बाद. मुताऱ्यांच्या मागे जुनी पंपाची खोली आहे, दार मोडकं. उद्या सुताराला बोलावते.