स्नोमोबिलचा पट्टा डावीकडे पळतो

12 जानेवारी, अमेरिकेतल्या डुलूथहून

नमस्कार मंडळी,

ही लिस्ट तिळगुळाच्या ऑर्डरींसाठी आहे हे ठाऊक आहे, तरी विचारतो. डिसेंबरात जुनं स्नोमोबिल (बर्फावरची गाडी) घेतलं, खाली फिरणाऱ्या 121 इंची रबरी पट्ट्याचं. ताशी 20 किलोमीटरला पायाखाली धप-धप होतं, 50 च्या पुढे हँडलसकट सगळं थरथरतं. मागून वाकून बघितलं तर पट्टा ज्या दोन रेलांवरून सरकतो, त्यातल्या डाव्या रेलला चिकटलेला. मागचा पट्टा ताणायचा डावा बोल्ट जास्त आवळला गेला असेल म्हणून दोन फेरे ढिला केला, तर आता घासल्याचा वासच येतो. दुकानवाला म्हणतो पट्टाच बदला. कुणाला अनुभव?

13 जानेवारी, मंडळाची सेक्रेटरी

विषय वाचून मला वाटलं गुळाच्या पोळीचा पट्टा! असो. हळदीकुंकवाची नावं रविवारपर्यंत याच लिस्टवर द्या, कृपया वेगळ्या ईमेलमध्ये.

14 जानेवारी, बडोद्याहून नाना

अरे, डावा बोल्ट ढिला केलास हेच उलटं झालं.

स्नोमोबिल मी फक्त लेकीकडे आलो होतो तेव्हा शेजाऱ्याच्या अंगणात उभं पाहिलंय, बसायची हिंमत झाली नाही. पण मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बत्तीस वर्षं कन्व्हेयरचे बेल्ट सरळ केलेत. तुझा पट्टा म्हणजे माझा कन्व्हेयरच, तो माल न्यायचा, हा तुला नेतो. आमच्याकडे नवा पोऱ्या आला की पहिल्या आठवड्यात हीच चूक करायचा. बेल्ट डावीकडे गेला की त्याला वाटायचं डावी बाजू ओढतेय, आणि तो डावीकडचाच नट सोडायचा. बेल्ट ओढल्यासारखा दिसतो, पण जातो तो सैल बाजूला. मागचा अ‍ॅक्सल तिरका झाला की ज्या बाजूला पुढचं-मागचं अंतर कमी, तिकडे तो सरकत राहतो. तेव्हा डावीकडे पळतोय तर डावाच आवळायचा.

आधी ते सोडलेले दोन फेरे परत घाल. मग मागचा भाग स्टँडवर उचल, पट्टा जमिनीपासून मोकळा हवा. मागे भिंत किंवा बर्फाचा ढीग असू दे, माणूस नको. फिरत्या पट्ट्यातून सुटलेला खडा गोळीसारखा जातो. इंजिन बंद, अ‍ॅक्सलचा बोल्ट ढिला, अ‍ॅडजस्टर (तोच तुझा ताणायचा डावा बोल्ट) पाव फेरा आवळ, अ‍ॅक्सलचा बोल्ट परत घट्ट. मग चालू करून पट्टा अगदी हळू काही फेरे फिरव, बंद कर, आणि ब्रेक न मारता त्याला आपोआप थांबू दे. आता दोन्ही बाजूंना पट्ट्याची धातूची क्लिप आणि रेलखालचा स्लायडर यांतली फट बघ. सारखी होईपर्यंत पाव-पाव फेरा. स्टँडवर फार वेळ फिरवू नकोस. लेक सांगत होती की तो प्लास्टिकचा स्लायडर बर्फानेच थंड राहतो, कोरडा चालला की तापून वितळतो. तुला आलेला वास त्याचाच असणार.

ताण मात्र अंदाजाने ठरवू नकोस. मॅन्युअलमध्ये किती वजन टांगल्यावर पट्टा किती झोळावा ते दिलेलं असतं. सैल राहिला तर थ्रॉटल देताना स्प्रॉकेटचे, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात उडी मारतात, फार ताणला तर स्लायडर आणि बेअरिंग खातो. अलाइनमेंट झाल्यावर ताण पुन्हा मोज, कारण बोल्ट फिरवलास की तोही बदलतो.

आता धप-धप. 121 इंच म्हणजे 3.07 मीटर. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5.56 मीटर. पट्टा सेकंदाला 1.8 फेरे मारतो, म्हणजे दहा सेकंदांत 18. घड्याळ लावून ठोके मोज. 18 च्या आसपास आले तर दोष पट्ट्यावर कुठेतरी एका जागी आहे. पट्ट्याच्या आतलं चाक सात इंची धरलं तर ते त्याच वेगाला सेकंदाला दहा वेळा फिरतं. ते मोजता येत नाही, नुसती थरथर जाणवते. आणि गाडी उभी असताना, क्लच पकडायच्या आतच थरथर आली तर पट्टा सोड, इंजिनाचे रबरी माउंट बघ.

माझे वडील कलाभवनात शिकले, सयाजीरावांनी 1890 साली काढलेल्या. ते म्हणायचे, पाना उचलण्याआधी बोटांवर मोज. आता उठतो, गच्चीवर नातवंडं फिरकी धरायला बोलावताहेत आणि खालून ऊंधियूचा वास येतोय.

14 जानेवारी, मॉन्ट्रियलहून मावशी

नाना, तुमचं स्प्रॉकेट वाचून आठवलं. आमच्या इथून जवळ वालकूर गाव आहे, जोसेफ-आर्मांद बाँबार्डिएचं. बर्फात डॉक्टरपर्यंत पोचता आलं नाही आणि 1934 साली त्यांचा लहान मुलगा गेला. 1937 साली त्यांना रबर लावलेल्या स्प्रॉकेटचं आणि पट्ट्याचं पेटंट मिळालं. त्यांचं स्की-डू हे स्नोमोबिल 1959 चं. तिथलं म्युझियम बघण्यासारखं आहे.

17 जानेवारी, डुलूथहून

नाना, काल बायकोला घड्याळ घेऊन मागे बसवलं. दहा सेकंदांत एकदा 18, एकदा 19. खडूने खूण करून पट्टा हाताने फिरवला तर एका जागी आडवी फायबरग्लासची काडी आतून तुटलेली, अंगठ्याने दाबली की तिथे पट्टा मऊ लागतो. तिथली क्लिपही गायब. म्हणजे दुकानवाला अर्धा बरोबर निघाला.

50 च्या वरची थरथर मात्र वेगळीच होती. मागच्या उजव्या चाकाचं रबर एका बाजूला खाल्लेलं, आणि बेअरिंग हाताने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरतं. चाक बदललं, डावा बोल्ट आवळला, पाव-पाव फेऱ्यांत तिसऱ्या खेपेला दोन्ही फटी सारख्या झाल्या. सकाळी बाहेर नेलं, हँडल गप्प आहे. धप-धप आहे. एवढ्यासाठी पट्टा बदलू का?

18 जानेवारी, नाना

एक काडी तुटली म्हणून मी कन्व्हेयर थांबवला नसता. पण माझ्या कन्व्हेयरवर कोणी बसत नव्हतं. शेजारची दुसरी तुटली किंवा क्लिपच्या जागी कापड दिसायला लागलं की बदल, आणि तोवर फार लांब जाऊ नकोस.

जुनं बेअरिंग फेकू नकोस. लेक मार्चमध्ये इकडे येणार आहे, तिच्याबरोबर पाठव. आतला रेस, म्हणजे गोळ्या फिरतात ते कडं, कुठे झिजलाय ते बघायचंय मला.