बाबांच्या गाडीतला नकाशा अपडेट करावा की फोनच लावावा?

सिन्नरफाटा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०२० ची सेदान आहे, टॉप मॉडेल, कंपनीच्या नेव्हिगेशनसकट. गाडी बाबा चालवतात. वय ६८, नजर आणि हात दोन्ही ठणठणीत. ताईचं सासर वाशिमला, त्यामुळे समृद्धीवरून सारखं येणं-जाणं.

घोळ असा की गाडीतल्या नकाशाला समृद्धी महामार्ग माहीतच नाही. गोंद्याला वर चढलो की बाण रस्ता सोडून शेतात शिरतो आणि पुढे तास न् तास शेतातूनच पळतो. नेव्हिगेशनवाली बाई मधून मधून 'मेक अ यू-टर्न' म्हणते. बाबा तिला प्रत्येक वेळी नीट समजावून सांगतात की बाई गं, इथे यू-टर्न नसतो. आई म्हणते, माझ्याशी एवढं बोलत नाहीत कधी.

सर्व्हिस सेंटरने नकाशा अपडेट करायचे साडेआठ हजार सांगितले. जुनं मेमरी कार्ड काढून नवं देणार. त्यातला नकाशा कुठल्या महिन्यापर्यंतचा, असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा 'मॅडम, लेटेस्टच असतो' याच्या पुढे जाईना.

भाऊ म्हणतो एक रुपया घालू नका, फोन लावा. पण बाबांना काचेवर चिकटवलेला फोन नको आहे. कॉल आला की नकाशा गायब, उन्हात फोन तापला की पडदा काळपट, आणि पोलिसाने पाहिलं तर पावती, असं त्यांचं म्हणणं. शिवाय गाडीचा पडदा मोठा, बाण चष्म्याशिवाय दिसतो. गाडीत अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) आहे म्हणे, आम्ही कधी वापरलेलं नाही. काय करावं?

खडूस पुणेकर

समृद्धीवर नकाशा लागतोच कशाला? एकदा वर चढलात की मालेगावची पाटी येईपर्यंत चालवत राहा. (वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. तुमचं नाशिकवालं शोधत बसाल.)

नकाशाची खरी परीक्षा आमच्या चांदणी चौकात. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडला, नवीन उड्डाणपूल आणि रॅम्प ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले. माझ्या मेहुण्याच्या गाडीतला नकाशा अजून पाडलेल्या पुलावरूनच नेतो. फोनला नवे रॅम्प माहीत आहेत, पण एकावर एक रस्ते असले की आपण वर आहोत की खाली यात तोही गडबडतो. तिथे पाट्या वाचायच्या आणि डाव्या लेनला राहायचं. साडेआठ हजार द्यायचे नाहीत हे उघड आहे, त्यावर धागा काढायची गरज नव्हती.

परशुराम घाट

पुणेकरांनी निकाल दिलाच आहे, तरी दोन शब्द. मी चिपळूणला टुरिस्टच्या गाड्या चालवतो. एका गाडीत कंपनीचं नेव्हिगेशन आहे, बाकीच्यांत ड्रायव्हरचा फोन. रोज दोन्ही बघतो म्हणून सांगतो.

सिन्नरताई, नकाशावर पैसे घालू नका, पण गाडीतलं यंत्र टाकाऊ आहे असंही समजू नका. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक नकाशा, आणि दुसरी गाडी आत्ता कुठे आहे हे ओळखण्याची अक्कल. नकाशा शिळा होतो, अक्कल होत नाही.

फोनला जागा कळते ती उपग्रहांवरून, आणि त्यासाठी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. फोन बिचारा खिशाच्या मापाचा, त्याचा अँटेना नखाएवढा, वर गाडीचं छत. गाडीचा अँटेना बहुधा छतावर, उघड्या आभाळाखाली. शिवाय बऱ्याच गाड्यांत यंत्राला चाकांचा वेग कळतो (एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं घसरू नयेत यासाठी, चाकांना सेन्सर असतातच) आणि गाडी किती वळली तेही. त्यामुळे उपग्रह दिसेनासे झाले तरी ते हिशेब करत राहतं: इतके मीटर सरळ, मग इतकं डावीकडे.

आमच्याकडे हे कशेडीच्या बोगद्यात बघायला मिळतं. पोलादपूर आणि खेडच्या मधला, साधारण दोन किलोमीटरचा. फोन आत शिरला की आधीच्या वेगावरून अंदाजपंचे बाण पुढे ढकलतो. पुढे ट्रक असला आणि तुम्ही रांगत असलात तर बाण कधीच खेडच्या बाजूला बाहेर पडलेला, तुम्ही अजून आतच. बाहेर आलात की टुणकन मागे उडी. नकाशात बोगदा असेल तर गाडीचं यंत्र मात्र इंच इंच बरोबर येतं.

पण आता गंमत ऐका. माझ्या गाडीतला नकाशा बोगद्याच्या आधीचा आहे. यंत्राला सवय अशी की गाडी नेहमी कुठल्यातरी रस्त्यावरच असणार, म्हणून ते बाणाला जवळच्या माहीत असलेल्या रस्त्यावर ओढतं. बोगद्यात शिरलो की बाण जुन्या कशेडी घाटाला चिकटायला बघतो. घाट वळला की चाकं सांगतात 'सरळ चाललोय', मग सुटतो, डोंगराच्या पोटात भटकतो, परत पुढच्या वळणाला चिकटतो. तुमच्या समृद्धीवर दुसरा रस्ताच जवळ नाही म्हणून तो शेतात. आमच्याकडे घाट आहे म्हणून झिंगल्यासारखा.

तेव्हा मी ड्रायव्हरांना सांगतो ते तुम्हालाही सांगतो: फोन केबलने गाडीला जोडा. अँड्रॉइड ऑटोवर नकाशा फोनचा, म्हणजे ताजा, आणि दिसतो गाडीच्या पडद्यावर. बऱ्याच गाड्या अशा वेळी आपल्या अँटेनाची जागा आणि चाकांचा वेगही फोनला देतात. तुमची देते का ते इगतपुरीच्या बोगद्यात कळेल. तो जवळपास आठ किलोमीटरचा आहे, तिथे बाण बरोबर चालला तर समजा देते. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा तुकडा जून २०२५ मध्येच सुरू झाला. दुकानातलं कार्ड त्याच्या आधीचं निघालं तर साडेआठ हजार देऊनही मुंबईला जाताना बाण परत डोंगरात.

आता फोनची बाजू घेतली म्हणून फोन शहाणा असं नाही. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुठल्याही घाटात रेंज जाते. आधीच वाट आखलेली असेल तर फोन ती दाखवत राहतो, पण चुकलात आणि नवीन वाट हवी झाली की पडद्यावर नुसतं गोल चाक फिरत बसतं. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवायचा. ऑफलाइनमध्ये गर्दी कळत नाही, रस्ता कळतो.

आणि शॉर्टकट. गणपतीत माणगावला कोंडी झाली की फोन मुंबईकरांना सांगतो, आतून जा, अकरा मिनिटं वाचतील. सगळ्यांनाच सांगतो. मग अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग, समोरून एसटी, आणि दोन्हीकडे भातखाचरं. बाजूला घ्यायला जागा नाही, मागे जायला मागचा सोडत नाही. गेल्या वर्षी आमच्या वाडीत रात्री एक मोठी एसयूव्ही पाखाडीच्या तोंडाशी उभी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची पायवाट, मध्ये मध्ये पायऱ्या, दोन बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपण. फोनवर ती रस्ता म्हणून होती. खाली पऱ्ह्यावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, त्यावरून बैल सुद्धा बिचकत जातो. आतले काका उतरून मला म्हणतात, 'पण यात तर चारचाकी दाखवतंय.' आम्ही चौघांनी आरसे मिटून, एक एक फूट करत ती गाडी मागे काढली. बंपर गेलाच थोडा.

यावर हसायला येतं, पण जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात नकाशा बघत रात्री निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालवणारा माणूस बुडाला. पूल दरवर्षी काही महिने पाण्याखाली असतो हे गावाला माहीत. नकाशाला कोण सांगणार?

म्हणून बाबांना एकच सांगा, चालू प्रवासात फोनने 'वेगवान मार्ग मिळाला' म्हटलं तर नको म्हणायचं. विशेषतः अंधारात.

जुना वायरमन

घाटवाल्यांनी बरंच सांगितलं, उरलेलं मी. पिंपरीला गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो.

नकाशाची ती कार्डं बहुतेक त्या त्या युनिटशी (गाडीतल्या नेव्हिगेशनच्या यंत्राशी) बांधलेली असतात. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणारं कॉपी कार्ड घातलं तर युनिट घेतच नाही, किंवा 'चुकीचं कार्ड' म्हणून बसतं. असलं कार्ड घेऊन गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि मीच काहीतरी जादू करावी अशी अपेक्षा असते.

गाडीत सेटिंग्जमध्ये 'अबाउट' किंवा 'व्हर्जन' असं पान असतं. तिथे नकाशाचं वर्ष आणि तिमाही दिसते. काउंटरवरच्या मुलाला म्हणा, नवं कार्ड माझ्यासमोर लाव आणि हे पान उघड, पैसे त्यानंतर. नकाशा कंपनीकडून गाडी कंपनीकडे, तिथून तपासून डीलरकडे, यात महिने जातात, त्यामुळे 'लेटेस्ट' म्हणजे आजचा कधीच नसतो.

बाबांच्या शंका:
कॉल. ऑटोवर कॉल आला तर पडद्यावर पट्टी येते, नकाशा जात नाही. स्टिअरिंगवरच्या बटणाने घ्यायचा किंवा कापायचा.
पोलीस. ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोन फक्त रस्ता बघण्यासाठी आणि लक्ष विचलित न होता वापरायला मुभा आहे. केबलला लावून खाली ठेवला तर प्रश्नच नाही.
तापणं. काचेवर नसल्यामुळे ऊन लागत नाही. एसीच्या झोतात राहील असा ठेवा.

केबल मात्र डेटाची घ्या, आखूड आणि जाड. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर ऑटो सुरूच होत नाही. स्वस्त केबल खड्ड्यात गचका बसला की कनेक्शन तोडते, आणि मग लोक 'युनिट खराब आहे' म्हणून माझ्याकडे येतात.

थोडं अवांतर. ज्यांच्याकडे फार जुनी नेव्हिगेशनची डबडी आहेत आणि तारीख वीस वर्षं मागची दाखवतात, त्यांनी ती फेकू नका. जीपीएसचा जुना सिग्नल आठवडे मोजतो तो १०२३ पर्यंतच, मग परत शून्य. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग एप्रिल २०१९ मध्ये. कंपनीने सॉफ्टवेअर सुधारलं नसेल तर तारीख चुकते, रस्ता बऱ्याचदा बरोबर असतो. सिन्नरताईंच्या गाडीला याचा संबंध नाही.

सिन्नरफाटा

सगळ्यांचे आभार, पुणेकरांचेही. व्हर्जनचं पान सापडलं, नकाशा २०२१ च्या सुरुवातीचा आहे. म्हणजे समृद्धीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला त्याच्याही आधीचा. बिचारी बाई खोटं बोलत नव्हती.

काल केबल आणून लावली. बाबा पहिल्यांदा नाराज, कारण पडदा वेगळा दिसतो. मग आवाज मराठी करून दिला तेव्हा कळी खुलली. आता अडलंय ते एवढ्यावरच की ताईच्या घराचा पत्ता टाकला तर फोन मागच्या गल्लीत नेतो, जिथून घराला दारच नाही. आणि घाटकाका, जुनं नेव्हिगेशन पूर्ण बंद करून टाकू का?

परशुराम घाट

पत्ता टाकूच नका. ताईला सांगा, पुढच्या दारात उभं राहून व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठव. 'करंट' वालं, 'लाइव्ह' नको. ते उघडून 'ताईचं घर' नावाने सेव्ह करायचं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून आदल्या दिवशी हेच मागवतो. कोकणात पत्ता म्हणजे 'देवळाच्या वरच्या अंगाला', त्यात फोन काय करणार!

जुनं बंद करू नका. फोनची बॅटरी, केबल, रेंज, काहीतरी एक दिवस दगा देतंच. तेव्हा गावाचं नाव, उत्तर कुठे आणि जवळचा पेट्रोल पंप एवढं तरी ते सांगतं. २०२१ नंतर पंप काही फार हललेले नाहीत. फक्त बाईचा आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर दोघी एकदम बोलायला लागतील आणि बाबा कुणाला उत्तर देणार?