उजव्या पायातली सायटिका आणि गांजाचं तेल: घेऊ का?

लांबपल्ला:

नमस्कार. वय ४७, गेली १९ वर्षं लांब पल्ल्याची बस चालवतो. पाच आठवड्यांपूर्वी डिकीतून एक जड बॅग ओढून काढताना कमरेत सणक भरली. पहिले चार दिवस वाटलं, नेहमीसारखं लचकलंय. मग कमर हलकी होत गेली आणि दुखणं पायात उतरलं. कुल्ल्याच्या मधोमध सुरू होतं, मांडीच्या बाहेरच्या अंगाने खाली येतं, पोटरीच्या कडेने पावलाच्या वरच्या भागापर्यंत जातं. अंगठ्याजवळ मुंग्या असतात. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत धरतो. बसलो की दहा मिनिटांत पाय पेटतो, उठून चाललो की जरा निवतो. आणि माझं काम तर बसायचंच.

डॉक्टरांनी वेदनाशामक आणि प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध) दिलं. प्रीगाबालिनने गरगरतं, म्हणून रजा टाकून घरी आहे. दिवसातले सोळा-सतरा तास आडवा असतो. रात्री दोन-अडीच तास सलग झोप लागली तर नशीब.

आता मुद्दा. डेपोतल्या एका सहकाऱ्याच्या नातेवाइकाने परदेशातून गांजाच्या तेलाची बाटली आणली आहे. वर ‘सीबीडी’ छापलंय, नशा येत नाही म्हणतात. त्याच्या आईची कंबरदुखी त्याने थांबली असं तो शपथेवर सांगतो. बाटली माझ्या कपाटात आहे, अजून उघडलेली नाही. तिघांनी तीन वेगळी मतं दिली आहेत. कुणी स्वतः घेतलंय का? घेऊन गाडी चालवता येते का? एमआरआय लगेच करावा का?

एक किरकोळ गोष्ट राहिली. आठवडाभर चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते. पट्टा सैल झाला असावा, नवीन घेईन.

टाचेवर_चाला:

लांबपल्ला दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेलाचं नंतर बोलू. तुम्ही ज्याला किरकोळ म्हणताय, तेच तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. चप्पल पट्ट्याने कमी आणि बोटांनी जास्त धरलेली असते. एकाच पायातली निसटत असेल तर दोष चपलेत नसून पायात असण्याची शक्यता मोठी.

आत्ता उठा. भिंतीजवळ उभे राहून पंजे वर उचला आणि नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला. दोन्ही पंजे सारखे वर राहतात का, ते घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. मग बसून दोन्ही अंगठे वर ताणा आणि त्यांना ते बोटाने खाली दाबायला सांगा. उजवा सहज दबला तर नसेची ताकद कमी होते आहे.

तुम्ही दुखण्याची जी वाट सांगितलीत, ती साधारण एल-५ या, कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाची आहे. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागे-बाजूला सरकली की बहुतेक वेळा हेच मूळ दाबलं जातं. अंगठा आणि पंजा वर उचलणं हे मुख्यतः त्याचंच काम. दुखणं, मुंग्या, बधिरपणा यांना वेळ देता येतो. ताकद जाऊ लागली तर तपासणी लांबवायची नसते. तुमचा तर तो ब्रेकचा पाय आहे.

आणखी विचारते, संकोच करू नका. लघवी अडकते किंवा कळत नाही, शौचावर ताबा राहत नाही, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आलाय, दुसऱ्या पायातही सुरू झालंय? यातलं एक जरी असेल तर याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. त्यात तासांना किंमत असते.

लांबपल्ला:

लघवी-शौच ठीक आहे, बधिरपणा फक्त पावलावर. पण टाचांवर चाललो तर तिसऱ्या पावलाला उजवा पंजा खाली आला. बायको म्हणाली, अंगठा तिने एका बोटाने दाबला. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.

टाचेवर_चाला:

बरं केलंत. एमआरआयचं उत्तर त्यातच आलं. पायात ताकद असलेल्या आणि हळूहळू सुधारणाऱ्या माणसाला मी पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची घाई करू देत नाही. १९९४ साली एक अभ्यास छापून आला, त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. निम्म्याहून जास्त लोकांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा दिसला. म्हणजे फोटोत काहीतरी निघतंच आणि माणूस उगाच घाबरतो. पण ताकद कमी झाली असेल तर फोटो हवाच, कारण त्यावर पुढचा निर्णय ठरतो.

पडून राहणं मात्र आजपासून कमी करा. सायटिकाच्या १८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली होती, १९९९ साली. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, बाकीच्यांना जमेल तसं फिरू दिलं. पडून राहिलेल्यांना काडीचा जास्त फायदा झाला नाही. तुम्हाला चालल्यावर निवतं, ही फार चांगली खूण आहे. दर तासाला पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. दुखणं पावलाकडून वर सरकत कमरेत आलं तर चांगलं, कमरेत जास्त दुखलं तरी. खाली उतरत गेलं तर तेवढ्यावर थांबा. बोटांनी पाय धरून ताणायचे व्यायाम सध्या नको. चिडलेली नस ताणल्याने आणखी चिडते.

रात्र_लांबते:

तेलाबद्दल मी लिहिते, कारण मी तीन वर्षं घेते आहे. गणिताची शिक्षिका. चार वर्षांपूर्वी गादीचं ऑपरेशन झालं, पाय उचलता येऊ लागला, पण नसेची जळजळ राहून गेली. राहते तिथे गांजाचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, दोन इंजेक्शनं, एवढं झाल्यावर डॉक्टरांनी ते सुचवलं. पहिल्या महिन्यात नव्हे.

आधी एक गफलत दूर करते. गांजात पुष्कळ घटक असतात, त्यांतले दोन मुख्य. नशा येते ती टीएचसीने. सीबीडीने येत नाही. दुखण्यावर जो थोडाफार पुरावा आहे, तो बहुतेक टीएचसी असलेल्या औषधांचा आहे. नुसत्या सीबीडीची एक चाचणी २०२१ मध्ये आली. नव्याने कंबर धरलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना ४०० मिलिग्रॅमचा एक डोस दिला, निम्म्यांना बनावट औषध (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं). फरक शून्य. तुमच्या बाटलीत खरंच फक्त सीबीडी असेल तर तिच्याकडून फार आशा ठेवू नका.

माझ्या तेलात टीएचसी आहे. रात्री अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. पोटातून घेतलेलं चढायला तास-दीड तास, कधी दोन तास लागतात, हे मला सांगितलं होतं. तरी पहिल्या आठवड्यात तासाभराने काही वाटेना म्हणून मी दुसरा डोस घेतला. मग रात्रभर छाती धडधडत होती आणि खोली लांब लांब जाते आहे असं वाटत होतं. तसं पुन्हा केलं नाही.

मिळालं काय? दुखणं गेलं नाही. दहापैकी सातचं सहा झालं असेल. पण रात्री तीन तासांची झोप साडेपाच तासांची झाली आणि त्या अडीच तासांनी माझं आयुष्य बदललं. जळजळ असतेच, पण ती माझ्यावर धावून येत नाही. पुढे वाचनात आलं की २०१८ मध्ये सायटिकाचं जुनं दुखणं असलेल्या १५ पुरुषांना जिभेखाली टीएचसी देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. दुखणं कमी झालं होतं, आणि वेदनेची भावना हाताळणारा भाग आणि शरीराची संवेदना टिपणारा भाग यांच्यातला दुवा सैल पडला होता. माणसं पंधराच, पण माझ्या अनुभवाला शब्द मिळाले.

गेलं काय, तेही सांगते. सकाळी नऊपर्यंत डोकं जड. एकदा फळ्यावर उदाहरण अर्धं सोडवून पुढची पायरी आठवेना, चाळीस मुलं बघत होती. तेव्हापासून फक्त ज्या रात्रींच्या दुसऱ्या दिवशी पहिला तास नसतो, त्याच रात्री घेते. रोज घेतलं की असर कमी होतो, हेही सहा महिन्यांत कळलं. गाडी चालवणं मी सोडलं. तुम्हाला ते सोडता येणार नाही. तुमच्यामागे पन्नास माणसं बसतात.

तज्ज्ञांतही एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये जुनाट दुखण्यासाठी हे देऊ नका म्हटलं. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटाने, बाकी उपचार पुरे पडत नसतील तर धुराखेरीज इतर मार्गाने घेऊन बघायला हरकत नाही असं लिहिलं, तेही सौम्य शिफारस म्हणून. २०२५ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ८२० जणांवर मोठी चाचणी झाली. गांजाचा अर्क बनावट औषधापेक्षा सरस ठरला, पण दुखण्याच्या शून्य ते दहाच्या मापावर सरासरी फरक ०.६ चा. माझ्यासारख्या एखादीला त्यापेक्षा बरंच मिळतं, दुसऱ्या एखाद्याला काहीच नाही.

औषधाची_चिठ्ठी:

फार्मासिस्ट आहे, थोडक्यात लिहितो. बाटलीवर छापलंय त्यावर विसंबू नका. २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली होती. लेबलइतकं सीबीडी जेमतेम ३१ टक्क्यांत होतं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. म्हणजे ‘नशा नाही’ म्हणून घ्याल आणि कामावरच्या लघवीच्या चाचणीत सापडाल. टीएचसीचे अंश लघवीत कित्येक दिवस राहतात, नेहमी घेणाऱ्याच्या तर आठवडेच्या आठवडे. ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही. शिवाय कायदा देशागणिक वेगळा आहे. एका देशात चिठ्ठीवर मिळणारी बाटली सीमा ओलांडली की गुन्हा ठरू शकते.

रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेत असाल तर सीबीडीने तिचा असर वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. प्रीगाबालिनसोबत टीएचसी घेतलं तर गुंगी दुप्पट. हृदयविकार, गरोदरपण, स्वतःला किंवा घरात कुणाला मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर टीएचसीच्या वाटेला जाऊच नये.

प्रीगाबालिनबद्दलही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांनी पायाच्या दुखण्यात बनावट गोळीपेक्षा फरक नव्हता, चक्कर मात्र जास्त. उपयोग होत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पण एकदम बंद करू नका, किमान आठवडाभर तरी हळूहळू उतरवत न्यावी लागते.

लांबपल्ला:

अकरा दिवसांनी लिहितोय. तपासणीत अंगठ्याची ताकद पाचपैकी चार भरली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्यामधली गादी फुटून तिचा तुकडा उजवीकडे नसेवर बसलेला दिसला. मी रिपोर्ट वाचून हादरलो होतो. सर्जनबाईंनी समजावलं की फुटून बाहेर आलेला तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच खाऊन टाकतं, नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा. त्यांनी एका डच अभ्यासाचं सांगितलं, २००७ चा, २८३ रुग्णांचा. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. वाट पाहणाऱ्यांतल्या ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलंच, हेही त्यांनी लपवलं नाही. मला सांगितलंय, दर आठवड्याला ताकद मोजायची. चारची तीन झाली की थांबायचं नाही, ऑपरेशन.

प्रीगाबालिन उतरवत बंद केली. तासातासाला चालतो, काल सलग पंचवीस मिनिटं चाललो. झोप चार तासांवर आली आहे. कळ आता पोटरीच्या खाली उतरत नाही.

डेपोत लेखी दिलं की पंजाची ताकद पूर्ण येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावणार नाही. ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. बाटली सहकाऱ्याला परत केली. त्याच्या आईला कुठली गोळी चालू आहे ते विचारलं, तर रक्त पातळ करायची निघाली. औषधाची_चिठ्ठी, तुमचा मजकूर त्याला वाचून दाखवला. तो दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेला.

रात्र_लांबते ताई, सहा महिन्यांनी जळजळ राहिलीच तर तुमच्यासारखं डॉक्टरांना विचारीन. तेव्हा मी गाडीवर नसेन हे धरूनच विचारीन.

आज सकाळी टाचांवर सात पावलं झाली. उजवा पंजा अजून डाव्यापेक्षा दोन बोटं खाली राहतो. पुढची तपासणी गुरुवारी आहे, ताकद किती भरली ते इथे लिहितो.